जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स घालावं का? सीमाभागात ओपन सोर्स कोण, कुठे वापरतंय?

कडोली_वाचनालय

नमस्कार मंडळी. गावच्या आमच्या वाचनालयाला लागून मुलांसाठी एक कॉम्प्युटरची खोली आहे. सगळी मशिनं देणगीतली, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची, ४ जीबी रॅमची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आमचं एकही मशिन त्यात बसत नाही. नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि चालू मशिनं भंगारात द्यायला मन तयार होत नाही.

कमिटीतल्या एका तरुण सभासदाने विंडोजच्या जागी चालणारं, खुलं लिनक्स सुचवलं. त्यावर ज्येष्ठांनी विचारलं, "बाहेर कोण वापरत नाही ते शिकून पोरांचं काय भलं होणार?" मला हा प्रश्न रास्त वाटतो. म्हणून इथे मांडतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या आपल्या भागात धंद्यात, सरकारी कामात, शाळेत, कलेत ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं सॉफ्टवेअर, खरोखर कोण वापरतं? ऐकीव नको, हातचं सांगा.

शिवाय आमच्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही टाईप झालं पाहिजे. मुलं मराठी माध्यमाची असली तरी अर्ज आणि दाखले कन्नडात असतात.

टिळकवाडी_तिसरं_गेट

लिनक्सपैकी मिंट घाला, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं. ४ जीबीत चालतं. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवलीत तर मशिनं ओळखू येणार नाहीत.

उद्यमबाग_शेड

तुमच्या ज्येष्ठ सभासदांना एकदा आमच्या शेडमध्ये घेऊन या. चहा माझ्याकडून.

आमचं काम हायड्रॉलिकच्या पार्टांचं. एक जुनं मिलिंग मशिन होतं. बेड, स्पिंडल, बॉलस्क्रू सगळं ठणठणीत, पण कंट्रोलर मेला. त्या कंट्रोलरचे सुटे भाग मिळायचे बंद झालेले, आणि नवीन बसवायचा भाव ऐकून मशिनच विकावं असं वाटलं होतं. शेवटी साध्या पीसीवर लिनक्ससीएनसी हे मशिन चालवणारं खुलं सॉफ्टवेअर घातलं, इनपुट-आउटपुटसाठी एक कार्ड घेतलं, सर्व्हो मोटरी जोडल्या. ते मशिन आज रोज कामावर आहे. मशिनला हुकूम द्यायची भाषा, जी-कोड, तीच, त्यामुळे ऑपरेटरला नवीन काही शिकावं लागलं नाही. फक्त पडदा बदलला.

या लिनक्ससीएनसीची सुरुवात १९९० च्या दशकात अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेत झाली. लोकांच्या पैशाने झालेलं काम होतं म्हणून ते सगळ्यांना खुलं केलं, आणि पुढे जगभरच्या लेथवाल्यांनी आणि हौशी लोकांनी ते वाढवलं. अमेरिकेच्या सरकारी पैशातून निघालेली गोष्ट आज उद्यमबागेत चिप्स उडवते आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुणी करणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. पीसी आधी लेटन्सी टेस्टला लावा, म्हणजे तो वेळेवर हुकूम पाळतो की उशीर करतो ते कळतं. गेमिंगचा महागडा पीसी यात नापास होतो आणि ऑफिसातला जुना डबा पास होतो, असं कितीदा तरी पाहिलंय. दुसरं, इमर्जन्सी स्टॉप कॉम्प्युटरच्या भरवशावर ठेवू नका. तो वायरीनेच थेट ड्राइव्हची पॉवर तोडणारा पाहिजे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, हा नियम मोडायचा नाही.

व्हीटीयू_सहावा_सेम

@उद्यमबाग_शेड अण्णा, लई भारी. यात भर घालतो: रिअल-टाइमसाठी, म्हणजे हुकूम अचूक वेळेवर पाळण्यासाठी, लागणारं प्रीएम्प्ट-आरटी हे काम जवळजवळ २० वर्षं मूळ कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर पॅच म्हणून राहिलं होतं. २०२४ च्या ६.१२ कर्नेलमध्ये ते आत आलं. आता वेगळा कर्नेल बांधायची कटकट बरीच कमी होईल.

पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचं ड्रॉइंग कशात करता? फ्रीकॅड या खुल्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये?

उद्यमबाग_शेड

फिक्स्चर आणि मॅनिफोल्ड ब्लॉक फ्रीकॅडमध्येच. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आलं, तेव्हापासून माझा त्याच्यावर विश्वास बसला. आधी कडेला चॅम्फर घातला, मग मागे जाऊन माप बदललं, की पुढचं सगळं कोसळायचं. ते खूपच सुधारलंय. पार्टीकडून ड्रॉइंगची स्टेप फाईल येते, ती उघडते. पण पुष्कळ पार्टांची मोठी असेंब्ली असेल तर नेट लावावा लागतो. तिथे विकतचं सॉफ्टवेअर पुढे आहे.

शहापूर_हिशेब

मी इथे विरुद्ध बाजू मांडणार आहे, राग मानू नये.

मशिनचं ठीक आहे. धंद्याच्या हिशेबात मात्र बेळगावात टॅलीशिवाय पान हलत नाही. मी कितीतरी दुकानांचे हिशेब लिहितो. सीए टॅलीचा डेटा मागतो, बँकेच्या कर्जाच्या फाईलला टॅलीचा बॅलन्सशीट लावतात, नोकरीच्या जाहिरातीत "टॅली येणे आवश्यक" असतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला तुम्ही दुसरं काही शिकवलंत आणि तिला नोकरी लागली नाही तर जबाबदार कोण? वाचनालयात लिनक्स घाला, पण पोरांना सांगा की बाहेर जग असं आहे.

निपाणीचा_पुण्यात

@शहापूर_हिशेब काका, तुमचं म्हणणं दुकानापुरतं पूर्ण मान्य. कारखान्याचं चित्र मात्र वेगळं आहे. मी ईआरपीनेक्स्ट या कारखान्याचा माल, हिशेब सगळं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूचं असणार हे आधीच सांगतो.

ईआरपीनेक्स्ट आपल्या मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे. जीपीएल या खुल्या परवान्याखाली पूर्ण खुलं. त्याला 'इंडिया कम्प्लायन्स' नावाचं वेगळं खुलं ॲप जोडलं की जीएसटी, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल सगळं येतं. फाउंड्रीचं उदाहरण घ्या. कास्टिंगला हीट नंबर, म्हणजे ते धातूच्या कुठल्या वितळणीतून ओतलं त्याचा क्रमांक, असतो. ते मशिनिंगला बाहेर जॉबवर जातं, परत येतं, काही रिजेक्ट होतं, उरलेलं डिस्पॅच होतं. ग्राहकाने सहा महिन्यांनी तक्रार केली की हा पार्ट कुठल्या हीटचा, कुणाकडे मशिनिंग झाला, त्या दिवशीची केमिस्ट्री काय होती, हे सांगावं लागतं. बॅच आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग दोन्ही यात मुळातच आहे, वर आपल्याला हवा तो रकाना स्वतः घालता येतो. कितीतरी कारखाने हे सगळं अजून एक्सेलच्या पंधरा फायलींत ठेवतात, आणि त्या फायली ज्याच्या डोक्यात असतात तो माणूस रजेवर गेला की डिस्पॅच थांबतो.

पैशाचं खरं सांगतो. परवान्याचे पैसे लागत नाहीत, पण बसवून देणाऱ्याचे, सर्व्हरचे आणि माणसं शिकवण्याचे लागतात. "फुकट आहे" असं सांगून कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. पहिल्या वर्षी खर्च कमी होईलच असं नाही. फायदा असा की बसवून देणाऱ्याशी पटलं नाही तर डेटा आणि कोड दोन्ही तुमच्याकडेच राहतात आणि दुसरा माणूस गाठता येतो.

शहापूर_हिशेब

हे शेवटचं वाक्य पटलं. आमच्या ओळखीत एका छोट्या फर्मचं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणारा मनुष्यच गाव सोडून गेला. जुन्या वर्षांचे हिशेब उघडेनात. तुमच्यात तसं होणार नसेल तर चांगलंच आहे. पण सीएला काय द्यायचं?

निपाणीचा_पुण्यात

ट्रायल बॅलन्स, लेजर, जीएसटीचे रिपोर्ट एक्सेलमध्ये निघतात. बरेच जण वर्षाअखेरीच्या नोंदी टॅलीतच ठेवतात आणि रोजचा कारखाना ईआरपीनेक्स्टवर चालवतात. दोन्ही एकत्र नांदतात की.

वडगाव_माग

आमच्याकडचं कुणी सांगणार नाही म्हणून आम्हीच सांगतो. वडगावात साडीचे माग. जॅकार्डची बुट्टी, काठ, पदर यांचं डिझाईन आता कॉम्प्युटरवर करतात. डिझाईनची खास सॉफ्टवेअरं आहेत, पण ती छोट्या मागवाल्याला परवडत नाहीत. आमच्या घरातल्या पोरीनं गिंप या चित्राच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवलं. एक पिक्सेल म्हणजे ताण्या-बाण्याचा एक छेद. ग्रिड लावायची, पेन्सिलचं टूल घ्यायचं. ब्रश घेतला की कडा धुरकट होतात आणि तिथे धागा कुठे उचलायचा ते कळत नाही. मग रंग इंडेक्स्ड मोडमध्ये कमी करून बीएमपी फाईल करायची. मागाला लागणारी जॅकार्डची कार्डं पाडणाऱ्याने ते त्याच्याकडच्या सॉफ्टवेअरात घेतलं.

वीण बांधायचं पुढचं काम अजून त्याच्याकडेच होतं. पण नक्षी आमची, फाईल आमच्या घरात. आधी डिझाईनवाल्याकडे आठवडा आठवडा नंबर लागायचा. आजीच्या काळच्या काठाचे फोटो काढून पोरीनं ते एक एक करून उतरवून ठेवलेत.

खानापूर_रान

वहिनी की दादा ते माहीत नाही, पण वाचून बरं वाटलं. ते जुने काठ कुठेतरी सगळ्यांना बघता येतील असे ठेवा.

वडगाव_माग

काकू म्हणा. विचार करतो आहोत. पण दुसऱ्याने तेच छापील साडीवर घेतलं तर? मागवाल्याचं पोट त्याच्यावर आहे. सॉफ्टवेअर खुलं असलं म्हणून आमची नक्षी पण खुली केलीच पाहिजे असं नाही ना?

निपाणीचा_पुण्यात

अजिबात नाही काकू. गिंपमध्ये केलेलं चित्र तुमचंच. त्याच्यावर गिंपच्या परवान्याचा काही हक्क नाही. खुलं करायचं की नाही, कुठल्या अटीवर, ते तुम्ही ठरवायचं.

स्मरणिका_डीटीपी

कलेचा विषय निघालाय तर मी बोलतो, कारण थंडीत माझी झोप उडवणारं काम हेच. आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी अशा किती गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. प्रत्येकाची स्मरणिका. इतकी वर्षं मजकूर श्रीलिपी फॉन्टात आणि पानं कोरल या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या फायली आज दुसऱ्या मशिनवर उघडल्या की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच दिसतो. तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या मशिनांना कळणाऱ्या पद्धतीचा, नाही, त्या फॉन्टशिवाय त्याला अर्थच नाही. कन्नडात जुन्या नुडी फॉन्टच्या फायलींची तीच तऱ्हा.

मी एक स्मरणिका पूर्ण स्क्राइबस या पानं लावायच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये केली. १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं नीट येतात, जुन्या १.४ मध्ये मोडायची, तेव्हा जुनी घेऊन नाव ठेवू नका. फॉन्ट एक-टाईप गटाचा 'मुक्त' नावाचा, आणि शीर्षकांना 'बलू'. दोन्ही खुल्या परवान्याचे, आणि बलू कन्नडातही आहे, त्यामुळे पाहुण्यांच्या कन्नड शुभेच्छांचं पान मराठी पानांशेजारी परकं दिसलं नाही. प्रेसला छपाईच्या चार रंगांची सीएमवायके पीडीएफ लागते, ती स्क्राइबस देतो. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून थेट नेऊ नका, ते पडद्याच्या आरजीबी रंगांत राहतं आणि भगवा रंग छापून आला की मातकट दिसतो.

फ्लेक्स_आणि_बॅनर

साहेब, हे सगळं छान. पण माझ्या दुकानात गिऱ्हाईक कोरलची सीडीआर फाईल घेऊन येतो आणि म्हणतो "अर्ध्या तासात द्या, वाढदिवस आहे." माझ्या ऑपरेटरची बोटं कोरलवर बसलेली. इंकस्केपमध्ये सीडीआर उघडतं, पण कधी अर्धं उघडतं. वाढदिवसाच्या साहेबांचा फोटो गायब झाला तर मला गाव सोडावं लागेल.

स्मरणिका_डीटीपी

हे अगदी खरं आहे, तुमच्या धंद्यात मी पण कोरलच ठेवलं असतं. माझा आग्रह जतन करायच्या मजकुरापुरता आहे. बॅनर आठवड्याने उतरतो. संमेलनातलं अध्यक्षीय भाषण पन्नास वर्षांनी कुणीतरी शोधणार आहे.

येळ्ळूर_भजन

आमच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटी आहेत. आधीच्या पिढीतल्या बुवांचा आवाज. त्या ऑडॅसिटी या आवाजाच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या. कॅसेटची सुंई अशी घरघर असते ना, ती काढायला नुसत्या घरघरीचा तुकडा आधी दाखवायचा, मग सगळ्यावर नॉईज रिडक्शन. जास्त ओढू नये, टाळाचा आवाज मरतो. मूळ फाईल हात न लावता वेगळी ठेवली, आवाज न बिघडवणाऱ्या फ्लॅक फॉरमॅटमध्ये.

टिळकवाडी_तिसरं_गेट

टाळाचा आवाज मरतो हे खरंच. माझ्या काकांच्या कीर्तनाचं मी असंच काहीतरी करून बसलोय. ती फाईल आज परत उघडतो. फ्लॅकचं बरं सांगितलंत.

व्हीटीयू_सहावा_सेम

कलेत थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं ब्लेंडर राहिलं. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टोन रूझेंडाल यांनी लोकांकडून १ लाख युरो गोळा केले आणि कोड सोडवून खुला केला. सात आठवड्यांत रक्कम जमली. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये केलेला होता. माझा मित्र गोकाकच्या लाकडी खेळण्यांचे मॉडेल त्यातच करतोय.

निवृत्त_पंचायत

मी कॉम्प्युटरचा माणूस नाही, पण सरकारी बाजू थोडी पाहिली आहे.

केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. सरकारी खात्याने सॉफ्टवेअर घेताना ओपन सोर्सचा आधी विचार करायचा, आणि तो टाळायचा असेल तर कारण द्यायचं. कागदावर चांगलं आहे. अंमल खात्यागणिक. पण काही गोष्टी आपण नकळत रोज वापरतो. मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असतो, त्याच्यामागचं 'दीक्षा' हे 'सनबर्ड' या खुल्या पायावर उभं आहे. ते बेंगळुरूच्या एकस्टेप फाउंडेशनचं काम. आयआयआयटी बेंगळुरूत झालेलं 'मोसिप' हे ओळखपत्राचं खुलं सॉफ्टवेअर फिलिपिन्स आणि मोरोक्कोने घेतलं. आपल्याच राज्यात झालेलं काम परदेशात चालतंय.

गावपातळीवरचा माझा प्रश्न वेगळा आहे. पहाणी (जमिनीचा उतारा), नोटीस, परिपत्रक सगळं कन्नडात येतं. आमच्या वयाच्या मराठी शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. जो वाचून सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवायचा. यावर या ओपन सोर्सवाल्यांकडे काही आहे का?

व्हीटीयू_सहावा_सेम

@निवृत्त_पंचायत काका, आहे. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाने २०२३ मध्ये 'इंडिकट्रान्स२' हे भाषांतर करणारं मॉडेल खुलं केलं. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषा आहेत. त्यात कन्नडातून थेट मराठीत जाणारं मॉडेल आहे, मध्ये इंग्रजी लागत नाही. छोटी आवृत्ती साध्या लॅपटॉपवर चालते, वेळ घेते एवढंच. नोटीस कागदावर असेल तर आधी टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचून घ्यायची, त्याला कन्नड आणि मराठी दोन्ही येतं. सगळं आपल्या मशिनवर होतं, कुणाच्या जमिनीचा कागद बाहेरच्या सर्व्हरवर चढवावा लागत नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आमच्या गावातल्या नोटिसांवर करून बघूलोय. मतलब कळतो. पण महसुली शब्द चुकतात, आणि फोटो वाकडा असेल तर सर्व्हे नंबरातला आकडाच चुकीचा वाचला जातो. त्यामुळे आकडे आणि तारखा मूळ कागदाशी ताडून बघायच्याच. कोर्टकचेरीला हे भाषांतर जोडू नका. नोटीस कशाबद्दल आहे आणि मुदत कधी संपते, एवढं कळलं की वकिलाकडे वेळेत जाता येतं.

निवृत्त_पंचायत

मुदत कळली तरी पुष्कळ झालं रे बाबा. किती लोकांच्या मुदती नुसत्या न वाचल्यामुळे गेल्या आहेत.

खानापूर_रान

नकाशाचं मी सांगतो. भीमगड अभयारण्याच्या बाजूला पावसाळ्यात रेंज नसते, काही वस्त्यांना जायला पूल नाहीत. लोकांनीच मिळून केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आम्ही काही मित्र वस्त्या, पायवाटा, साकव, विहिरी घालतो. फोनमध्ये ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हे ॲप घेऊन आपल्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, मग नेटवर्क लागत नाही. आशा ताईंना, मतदानाच्या पथकाला कुठली वाट चारचाकीची आणि कुठली पायीच, हे बघता येतं.

आणि यात एका गावाला भाषागणिक वेगळं नाव लिहिता येतं. कन्नड नावाचा रकाना वेगळा, मराठीचा वेगळा, इंग्रजीचा वेगळा. ज्याने फोन मराठीत ठेवलाय त्याला मराठीत दिसतं.

फ्लेक्स_आणि_बॅनर

मग मुख्य रकान्यात काय लिहिता? तिथेच भांडण लागणार.

खानापूर_रान

मुख्य नावाला प्रत्यक्ष जागेवर जे लावलंय ते, असा ओपनस्ट्रीटमॅपचा संकेत आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे. मराठीच्या रकान्यात बेळगाव आहे. दुसऱ्याचा रकाना कुणी पुसायचा नाही. माझ्यासोबत नकाशा करणाऱ्यांत कन्नड मित्र आहेत, वस्त्यांची मराठी नावं त्यांनी मला विचारून घातलीत आणि धनगरवाड्यांची त्यांच्याकडची नावं मी त्यांना विचारून घातलीत.

ॲडमिन

नावाच्या वादाला स्वतंत्र धागे आहेत. इथे पुढे जाऊया.

ग्रंथपाल_ताई

मूळ प्रश्न वाचनालयाचा होता आणि ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरबद्दल अजून कुणीच बोललं नाही!

कोहा बघा. न्यूझीलंडच्या एका छोट्या ग्रामीण भागातल्या वाचनालयाने १९९९ मध्ये स्वतःसाठी करून घेतलं आणि सगळ्यांना दिलं. आज जगभर मोठी विद्यापीठं ते वापरतात. मी कॉलेजात रोज वापरते. तुमच्या जुन्या मशिनांतलं त्यातल्या त्यात बरं एक मशिन सर्व्हर करा, त्यावर डेबियन (आणखी एक लिनक्स) आणि कोहा, बाकीच्या मशिनांवर ब्राउझरमधून वाचकांनी पुस्तक शोधायचं. इंटरनेट नसलं तरी खोलीतल्या नेटवर्कवर चालतं.

मराठी वाचनालयांना एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण इथे सगळे अडतात. कोहात नोंद देवनागरीत नीट होते, पण शोध लागत नाही, आणि लोक म्हणतात मराठी चालत नाही. चालतं. झेब्रा नावाचा शोधाचा भाग आयसीयू या सगळ्या लिप्या कळणाऱ्या पद्धतीवर लावावा लागतो आणि मग पूर्ण अनुक्रमणी पुन्हा करावी लागते. कन्नड पुस्तकांचंही तसंच. बसवून देणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

मराठी_शाळा_गुरुजी

शाळेपुरतं. केरळच्या सरकारी शाळांत २००० च्या दशकाच्या मध्यापासून लिनक्सवर शिकवतात आणि परीक्षाही घेतात. तिथली मुलं नोकरीत मागे पडलेली दिसत नाहीत, तेव्हा ज्येष्ठांच्या शंकेला हे उत्तर पुरावं. आपल्याच कर्नाटक सरकारनेही २०२५ मध्ये बेंगळुरूत 'केओ' हा लिनक्सवर चालणारा स्वस्त कॉम्प्युटर दाखवला.

वर्गात काय चालतं ते सांगतो. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठी आणि कन्नड दोन्हीत आहेत. लिब्रेऑफिसचे धडे मुलं आपापली बघून करतात, शिक्षक नसला तरी. फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, उतरवून ठेवा, विजेचं सर्किट जोडून बघताना सातवीचं पोर तहान विसरतं. आणि इंटरनेटशिवाय विकिपीडिया दाखवणारं किविक्स घाला. मराठी विकिपीडिया आणि कन्नड विकिपीडिया पूर्ण पेनड्राइव्हवर मावतात. इंटरनेटचं बिल नाही, आणि पोर भलतीकडे जाईल ही पालकांची काळजी नाही.

शहापूर_हिशेब

गुरुजी, सुरक्षेचं काय? कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो.

निपाणीचा_पुण्यात

चोराला दिसतो आणि राखणदारालाही. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, इतर सॉफ्टवेअरं आतून वापरतात अशा छोट्या कोडच्या लायब्ररीत एकाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घातला. ती लायब्ररी एक मनुष्य मोकळ्या वेळात, थकलेल्या अवस्थेत सांभाळत होता, आणि त्याचाच फायदा घेतला गेला. तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय एवढ्यावरून. कोड उघडा होता म्हणून तो खोलात जाऊ शकला. मिंटसारख्या स्थिर आवृत्त्यांत तो पोचायच्या आत थांबला.

माझ्या मते यातला खरा धोका एकट्या थकलेल्या माणसाचा आहे. ज्या कारखान्यांचं काम अशा सॉफ्टवेअरवर चालतं त्यांनी वर्षाला थोडे पैसे त्या प्रकल्पांना द्यावेत असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. काही देतात.

स्मरणिका_डीटीपी

पैसे नसलेल्यांनी भाषा द्यावी. मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिता-वाचता येणारी पोरं आपल्याइतकी आणखी कुठे आहेत? लिब्रेऑफिसचं भाषांतर ब्राउझरमधूनच करता येतं. मॉझिलाच्या कॉमन व्हॉइस या बोललेल्या भाषेच्या खुल्या संग्रहाला आपल्या बोलीतला आवाज देता येतो. आपण "काय करूलास गा" म्हणतो ते एकाही यंत्राला कळत नाही, कारण कुणी ऐकवलेलंच नाही.

वडगाव_माग

हे आमची पोरगी करील. लिंक टाका.

कडोली_वाचनालय

मंडळी, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कमिटीपुढे हा धागा छापून ठेवला. उद्यमबागेच्या मशिनबद्दल वाचल्यावर ज्येष्ठांनी स्वतःच जाऊन बघायचं ठरवलं.

ठरलंय असं. पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं, वायफाय, आवाज, पडदा सगळं आपोआप लागलं. एका मशिनवर विंडोज ठेवणार आहोत, टॅली शिकणाऱ्यांसाठी, पण त्याला इंटरनेट देणार नाही. बाकीच्यांवर मिंट. त्यातलंच एक कोहासाठी. किविक्स पहिल्या दिवसापासून.

दोन अडचणी आहेत. आमचा जुना लेसर प्रिंटर अजिबात लागत नाही. आणि मुलांना कन्नड टायपिंग सरकारी परीक्षेत चालतं त्याच पद्धतीने शिकायचंय.

टिळकवाडी_तिसरं_गेट

प्रिंटर: काही जुन्या लेसरांचा ड्रायव्हर कंपनीनेच नीट दिलेला नाही, त्याच्यात रात्र घालवू नका. तो विंडोजच्या मशिनला जोडा आणि पीडीएफ तिथून छापा. पुढचा घ्याल तेव्हा आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट ही पद्धत चालणारा घ्या, ड्रायव्हरच लागत नाही.

कन्नड: आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअरं घाला. त्यात कन्नडचा केजीपी कळफलक मिळतो, नुडीत वापरतात तोच. मराठीला इनस्क्रिप्ट हा सगळ्या भारतीय भाषांचा एकसारखा कळफलक लावा. इनस्क्रिप्ट कन्नडातही घेतलात तर 'क' दोन्हीकडे एकाच बटणावर येतो, लहान मुलांना तेच सोपं जाईल. परीक्षेला बसणाऱ्यांना तेवढं केजीपी.

ग्रंथपाल_ताई

@कडोली_वाचनालय कोहा बसवायच्या आधी पुस्तकांची यादी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये करून ठेवा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, दाखल क्रमांक, प्रत्येकाला वेगळा रकाना, सगळं युनिकोडमध्ये. त्यातून मार्कएडिट या नोंदी बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरने एकगठ्ठा नोंदी चढवता येतात. मार्कएडिट ओपन सोर्स नाही, पण पैसे लागत नाहीत. यादीचा नमुना मी निरोपातून पाठवते.

कडोली_वाचनालय

पाठवा ताई. दाखल रजिस्टर अजून हाताने लिहिलेलं आहे, दहावीच्या सुट्टीतल्या मुलांना कामाला लावतो.